दोन चंद्र ठेवा, पण त्यांचं पंचांग करून ठेवा

पत्र (थोडक्यात): मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. आता एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते आणि रात्री कादंबरी लिहिते. माझ्या जगात दोन चंद्र आहेत. एक आपल्यासारखा पांढरा, दुसरा तांबडा. दिसायला दोन्ही सारखेच मोठे. तांबड्याची पुनव दर बारा दिवसांनी येते. दोघांची पुनव एका रात्री आली की ‘जोडपुनव’. ती बारा वर्षांतून एकदाच येते आणि त्या रात्री विद्या दुप्पट चालते. नायिका गोकाकसारखा धबधबा उलटा वर चढवते. सावल्या चोरणारी एक टोळी आहे. सगळ्या विद्येचा उगम अगस्त्य ताऱ्यात आहे. शेवटी तारा विझतो आणि त्याच रात्री सगळ्यांची विद्या जाते. माझा भाऊ पुण्यात इंजिनिअर आहे. वाचून म्हणाला, “फिजिक्सची बाई तू, आणि असलं लिहितीस व्हय?” तेव्हापासून पेन अडलंय. विज्ञान सांभाळायला गेलं की जादू मरते, जादू सांभाळली की विज्ञान. किती ठेवू, किती सोडू? पहिली पाच प्रकरणं सोबत जोडली आहेत.
— तांबड्या चंद्राखाली अडकलेली, खानापूर

---

ताई,

पाचही प्रकरणं वाचली. जादू मरेल अशी काळजी मला कुठंच वाटली नाही. पंचांगाची वाटली.

मंत्राला कुणी पुरावा मागत नाही. ज्यानं असली कादंबरी हातात घेतली, त्यानं मंत्र चालतो हे आधीच मान्य केलेलं असतं. चंद्राचं मात्र तसं नाही, चंद्र त्यानं स्वतः पाहिलेला असतो. आपल्या भागात तर विचारायलाच नको. मृग निघाला का, आर्द्रा कोरडी गेली का, हे बसस्टँडवर बोललं जातं, आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेली माणसं पुनव बोटावर मोजतात. अशा वाचकाला पाण्यावर चालणारी बाई पटेल, पण भलत्या वेळी उगवलेली पुनव खटकेल. का खटकली हे त्याला सांगता येणार नाही. तो पुस्तक मिटून ठेवेल इतकंच.

म्हणून किती टक्के विज्ञान हा हिशेबच सोडा. निसर्गाचा एखादा नियम मोडायचा असेल तर तो राजरोस मोडा, पहिल्या दोन प्रकरणांत मोडा, आणि बाकीच्यांना हात लावू नका. मग त्या एका मोडीमुळे बाकीच्या नियमांवर काय ताण येतो तो बघत बसा. तुमचं कथानक तिथं आहे. तुमच्या कागदांवरच दाखवतो.

आधी तांबडा चंद्र. बारा दिवसांनी पुनव म्हणजे तो किती दूर, हे तुम्हाला ठरवता येत नाही. ते केप्लरचा कक्षांचा नियम ठरवतो. तुमची पृथ्वी आपल्यासारखीच आहे असं धरलं, तर तो सुमारे २ लाख १७ हजार किलोमीटरवर येतो. आपला चंद्र ३ लाख ८४ हजारांवर आहे. तरीही दोघं सारखे दिसतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तांबडा आकारानं लहान, व्यास साधारण दोन हजार किलोमीटर. इथं एक मजा आहे. दोन चंद्र आकाशात सारखेच मोठे दिसत असतील आणि सारख्याच दगडाचे असतील, तर समुद्रावर त्यांची ओढही सारखीच पडते. जवळ असण्याचा फायदा आणि लहान असण्याचा तोटा एकमेकांना तंतोतंत खाऊन टाकतात. म्हणजे जोडपुनवेला पांढरा, तांबडा आणि सूर्य अशा तिघांची ओढ एका रेषेत येते आणि भरती आपल्या नेहमीच्या पुनवेच्या उधाणापेक्षा दीडपटीहून जास्त चढते. चौथ्या प्रकरणातलं तुमचं बंदर (कारवार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, बरोबर ना?) त्या रात्री कोरडं राहून कसं चालेल? बंदरातल्या लोकांना जोडपुनव कधी हे तुमच्या मांत्रिकांपेक्षा जास्त अचूक माहीत असणार. त्यांची घरं त्यावर अवलंबून आहेत.

आता बारा वर्षं. इथं तुमचं गणित साफ फसलंय, पण फसून जे हाती आलंय ते तुमच्या कल्पनेपेक्षा चांगलं आहे. पांढऱ्या चंद्राचा महिना २९.५३ दिवसांचा. असे तेरा महिने धरले की ३८३.८९ दिवस होतात. तांबड्याचे बत्तीस फेरे म्हणजे ३८४ दिवस. दोन्हींत फरक जेमतेम अडीच तासांचा. म्हणजे तुमच्या जगात जवळजवळ अचूक जोडपुनव दर तेरा महिन्यांनी येते, आणि तेरा महिने म्हणजे आपलं अधिकमासाचं वर्ष! हे तुम्ही ठरवून केलं असेल तर हात जोडतो. नकळत झालं असेल तर गुपचूप आपल्या नावावर घ्या.

पण मग बारा वर्षांतून एकदा येणारी रात्र कुठली? तेही आकाशच देतं. पुनवेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो आणि पृथ्वीची सावलीही तिकडेच पडलेली असते. आपल्याकडं दर पुनवेला ग्रहण लागत नाही, कारण चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. तांबड्याच्या कक्षेलाही असाच कल द्या. मग बहुतेक जोडपुनवा नुसत्या उजळ असतील. क्वचित एखादीच अशी येईल की दोन्ही चंद्र एका रात्री सावलीत शिरतील. कल किती आणि कक्षांचे छेदबिंदू, म्हणजे राहू-केतू, किती वर्षांत फिरतात हे तुमच्या हातात आहे (आपल्या चंद्राचे १८.६ वर्षांत एक फेरी करतात), त्यामुळं बारा वर्षं बसवता येतील. तांबडा जवळचा आहे, त्याच्या अंतरावर सावली जास्त रुंद असते, म्हणून त्याला एकट्याला ग्रहणं वरचेवर लागतील. लोकांना त्याचं काही वाटणार नाही. पण खग्रास ग्रहणात चंद्र काळा होत नाही, तांब्यासारखा होतो, कारण पृथ्वीच्या हवेतून वाकलेला तांबूस प्रकाश तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. म्हणजे त्या रात्री तुमचा पांढरा चंद्रही तांबडा होईल आणि कोणता कुठला ओळखू येणार नाही. तुम्ही लख्ख चांदणं लिहिलंय. माझं ऐकाल तर ते खोडा.

बारा वर्षांची कल्पना वाचकाला पटवायला तुम्हाला फार कष्टही नाहीत. नृसिंहवाडीला कन्यागतासाठी गेलेलं एखादं माणूस आपल्याकडं घरटी सापडतं. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, तो कन्या राशीत आला की कृष्णेवर पर्वकाळ. २०१६ ला गर्दी झाली, आता पुढचा कधी ते बोटावर तयार असतं. बारा वर्षं थांबणारा समाज कसा वागतो, कोण नवस राखून ठेवतं, कोण “पुढच्या खेपेला मी असेन की नाही” म्हणतं, हे तुम्ही घरातच ऐकलं असणार. अंधारलेल्या आकाशाखाली माणसं काय करतात हे हवं असेल तर साठी ओलांडलेल्यांना १६ फेब्रुवारी १९८० ची दुपार विचारा. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा अंकोला-कारवारच्या किनाऱ्यावरून कर्नाटकात शिरला होता. किती जण दारं लावून बसले होते ते कळेल.

धबधब्याकडं येतो. या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली पडते. पावसाळ्यात झुलत्या पुलाजवळ उभं राहिलं की शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. हे पाणी खाली येताना जी शक्ती देतं तिच्यावर एकोणिसाव्या शतकापासून तिथली सूतगिरणी चालत आलीय. मग तेच पाणी वर चढवायचं तर तेवढीच शक्ती कुणीतरी भरायला हवी. समजा सेकंदाला शंभर घनमीटर पाणी आहे. हिशेब तुम्हाला मुखपाठ असेल, वस्तुमान गुणिले जी (गुरुत्व त्वरण) गुणिले उंची: सेकंदाला ५ कोटी १० लाख ज्यूल. धडधाकट माणसाचं दिवसाचं खाणं म्हणजे साधारण ८४ लाख ज्यूल. नायिका हे अंगच्या बळावर करत असेल तर ती दर सेकंदाला सहा दिवसांचं जेवण जाळतेय. तुमच्या प्रकरणात ती घटकाभर पाणी उलटं धरते आणि नंतर तिला “किंचित घेरी” येते. किंचित?

इथं तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. पाणी पाच सेकंदच चढू द्या आणि महिनाभर तिला अंथरुणाला खिळवून ठेवा, ही पहिली. वाईट नाही, पण अशी थकलेली नायिका आता फार पुस्तकांत दिसते. दुसरी वाट म्हणजे ही शक्ती तिची नव्हेच. ती तांबड्या चंद्रातून उपसली जाते, नेमकं सांगायचं तर त्याच्या फिरण्यातून. चंद्र असा सूक्ष्म नागवला गेला की तो पृथ्वीच्या थोडा जवळ सरकतो आणि त्याचा फेरा लवकर पुरा होतो. जादू इथं एकच गोष्ट करते, चंद्रातली ऊर्जा इथं आणते. पुढं सगळं न्यूटनच्या ताब्यात.

हा हिशेब मी करून पाहिला. तुमच्या तांबड्याच्या कक्षेतून, आज सगळं जग मिळून जेवढी ऊर्जा वापरतं तेवढी, हजार वर्षं सलग उपसली तर त्याचा फेरा साधारण मिनिटभरानं कमी होतो. म्हणजे एकटीदुकटी नायिका काहीच बिघडवत नाही आणि तिला तसं वाटणंही स्वाभाविक आहे. पण तुमच्या जगात मांत्रिकांची घराणी शेकडो पिढ्या, राज्यंच्या राज्यं उभी करण्याएवढी शक्ती खेचतायत. एका फेऱ्यात एक मिनिट कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षाला तीस फेरे, म्हणजे अर्धा तास. जुन्या कोष्टकावरून पुनव काढत राहिलं तर पन्नासेक वर्षांत ती एका दिवसानं चुकते. मग हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येणार? राजाच्या नाही, मांत्रिकाच्या नाही. आजोबांची कोष्टकं जपून ठेवणाऱ्या पंचांगकर्त्याच्या. त्यानं तोंड उघडलं तर सगळ्या घराण्यांची विद्या धोक्यात येते, गप्प बसला तर चंद्र खाली येत राहतो. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात एक म्हातारा जोशी आहे, नायिकेला मुहूर्त काढून देतो आणि परत कुठं दिसत नाही. त्याला परत आणा. माझ्या मते तो तुमच्या कादंबरीतला सगळ्यात मोठा माणूस आहे आणि तुम्ही त्याला दक्षिणा देऊन घरी पाठवलंय.

सावलीचोरांबद्दल थोडंच सांगतो, कारण ती कल्पना आधीच उत्तम आहे. खानापूर-बेळगाव सोळा अंश उत्तर अक्षांशाच्या जरा अलीकडे. त्यामुळं वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य इथं अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते: मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि परत ऑगस्टच्या ८-१० तारखेच्या आसपास. तेव्हा चोरांना चोरायला काही नसतं. ऑगस्टमध्ये तुमच्या खानापुरात सूर्य दिसतो कधी, म्हणून खरा दिवस एकच, मेमधला. कर्कवृत्ताच्या उत्तरेला हा दिवस कधीच येत नाही. उत्तरेकडून आलेल्या तुमच्या सेनापतीला हे ठाऊक असायचं कारण नाही. शाळेच्या पटांगणात काठी रोवून मुलांना हे दाखवता येईल, फक्त तेव्हा सुट्टी असते ही अडचण.

अगस्त्याच्या बाबतीत भाऊ चुकलाय, तुम्ही बरोबर आहात. तो म्हणाला असं तुम्ही पुढं लिहिलंय, की अगस्त्य तीनशे-दहा प्रकाशवर्षं लांब, तो विझला हे इथं कळायला तीनशे-दहा वर्षं लागतील, मग विद्या त्याच रात्री कशी जाते? जाते. विद्या प्रकाशाच्या वेगानं येत असेल तर ताऱ्याचा शेवटचा किरण आणि विद्येचा शेवटचा थेंब बरोबरच पोचतील. तुमचा प्रसंग जसाच्या तसा उभा राहतो. उलट विद्या प्रकाशाहून वेगवान केलीत, तर ती आधी जाईल आणि तारा पुढं तीनशे वर्षं आकाशात तसाच चमकत राहील, पिढ्यान्‌पिढ्या त्याला अर्घ्य देतील आणि हाती काही लागणार नाही. ही दुसरी कादंबरी झाली. ती कधीतरी लिहाच.

पण “तारा विझला” हे मात्र मला पटलं नाही. मोठे तारे दिव्यासारखे विझत नाहीत, फुटतात. १०५४ साली वृषभेत असा एक फुटला, चिनी नोंदींप्रमाणं तो तेवीस दिवस भर उन्हात दिसत होता. म्हणजे तुमच्या मांत्रिकांना आधी वेड लागेल इतकी शक्ती येईल, काही आठवडे तशीच राहील आणि मग ओसरत जाईल. माज आधी, भिकारपण नंतर. आणि १९८७ मध्ये शेजारच्या लहान दीर्घिकेत तारा फुटला तेव्हा न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशाच्या काही तास आधी पृथ्वीवर पोचले होते, कारण प्रकाशाला ताऱ्याच्या पोटातून बाहेर पडायला वेळ लागतो. तुमच्या त्या आंधळ्या आजीला तो झटका आधी बसू दे. आकाशात अजून काहीच नाही, आणि ती अंगणात येऊन उभी आहे.

अगस्त्याऐवजी आर्द्रा घ्याल का? हा तारा खरोखरच म्हातारा आहे, कधीतरी फुटणार आहे, अंतर पाचशे ते सातशे प्रकाशवर्षांच्या दरम्यान. २०१९ अखेरीपासून तो इतका मंदावला की जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या माना वर झाल्या होत्या. धुळीचा ढग आड आला होता असं नंतर निघालं. आणि आर्द्रा म्हटलं की आपल्या वाचकाच्या डोक्यात पाऊस येतोच, तो तुम्हाला वेगळा लिहावा लागणार नाही.

नक्षत्रांवरून आठवलं. तुमचा ‘आदिग्रंथ’ दोन हजार वर्षं जुना आहे आणि त्यातले मुहूर्त आजही अचूक लागतात. लागणार नाहीत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची, त्यामुळं नक्षत्रं ऋतूंच्या मानानं बहात्तर वर्षांत एक दिवस सरकतात. दोन हजार वर्षांत अठ्ठावीस दिवस. मकरसंक्रांत सतराएकशे वर्षांपूर्वी सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास यायची, आता १४-१५ जानेवारीला येते. टिळकांनी १८९३ मध्ये वेदांचा काळ काढायला याच सरकण्याचा आधार घेतला होता. (त्याच टिळकांनी १९१६ मध्ये आपल्या बेळगावात होमरूल लीग काढली. बेळगावकरानं टिळकांचं नाव घेतलं की हे वाक्य येणारच, चालवून घ्या.) त्यांचे सगळे निष्कर्ष आज मानले जात नाहीत, पण रीत पाहण्यासारखी आहे. तेव्हा ग्रंथाला शब्दशः चिकटलेले एका बाजूला आणि महिनाभराची दुरुस्ती करणारे दुसऱ्या बाजूला, असे दोन मठ करा. एकमेकांचं पाणी न पिणारे. शब्दशः वाल्यांचे मंत्र फसतात, आणि ते दोष शिष्याच्या उच्चाराला देतात.

एवढं सगळं कादंबरीत लिहायचं नाही, हे सांगायला नको. एक शाळेची वही घ्या, दोन्ही चंद्रांच्या पुनवा-अमावास्या चार वर्षांच्या मांडून ठेवा, आणि प्रत्येक प्रसंगाच्या शेंड्यावर पेन्सिलीनं तारीख घाला. पांढऱ्या चंद्रासाठी आणि ताऱ्यांसाठी स्टेलॅरियम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात खानापूर घातलं की कोणत्याही रात्रीचं आकाश दिसतं. तांबड्यासाठी वहीच.

आणि वहीतली पहिली दुरुस्ती आजच करा. तिसऱ्या प्रकरणात नायिका किल्ल्यात शिरते तेव्हा अमावास्येला दोन दिवस आहेत, संध्याकाळ आहे आणि पूर्वेच्या डोंगरावर पांढऱ्या चंद्राची कोर उगवतेय. अमावास्येआधीची कोर संध्याकाळी दिसत नाही, चंद्र सूर्याच्या आधीच मावळलेला असतो. एकतर प्रसंग अमावास्येनंतर दोन दिवसांवर न्या आणि कोर पश्चिमेला मावळतीवर ठेवा, नाहीतर दिवस तोच ठेवून वेळ पहाटेची करा. मी पहाट घेईन. पूर्वेचं सगळं वर्णन शाबूत राहतं, ‘संध्याकाळ’ एवढा एकच शब्द जातो, आणि दिंडी दरवाजावरचा पहारेकरी पेंगलेला आहे हे पहाटे पाचला जास्त खपतं.